पाचात एक, हजारात एक

सकाळी शाळेत गेलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाचे दुपारी अंग मोडून येते. तासा-दोन तासांत ताप १०२-१०३ वर जातो आणि पोट दुखू लागते. दुखणे साधे नसते. पोट कडक होते, हात लावू देत नाही, मूल गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर निपचित पडून राहते, कारण कूस बदलली तरी कळ मस्तकात जाते. डॉक्टर तपासतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, आणि अपेंडिक्स फुटायच्या आत काढून टाकलेले बरे असा निर्णय होतो. ऑपरेशन होते. अपेंडिक्स धडधाकट निघते. तिसऱ्या दिवशी मूल उठून बसते आणि खायला मागते. सगळे म्हणतात, वेळेवर कापले म्हणून वाचला. महिन्याभराने हुबेहूब तेच दुखणे पुन्हा येते, आणि या वेळी कापायला काही उरलेले नसते.

या आजाराचे नाव कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वर. डॉक्टर मंडळी 'एफएमएफ' म्हणून मोकळी होतात, आपणही तेच करू. झटका साधारण १२ ते ७२ तासांचा. कधी पोटाच्या अस्तराला सूज, कधी छातीच्या, कधी गुडघा किंवा घोटा सुजून लालबुंद, कधी नडगीवर तापलेला तांबडा चट्टा. मधल्या दिवसांत माणूस ठणठणीत असतो. जंतू नाही, विषबाधा नाही, गाठ नाही. शरीराची जळजळ पेटवणारी यंत्रणा कुणी न बोलावता जागी होते आणि दोन-तीन दिवसांत आपणहून झोपी जाते. बहुतेकांना पहिला झटका विशीच्या आत येतो.

वैद्यकाच्या पुस्तकांत या आजाराच्या पहिल्या ओळीत हमखास एक वाक्य असते: हा आजार ज्यूंमध्ये विशेष आढळतो. वाक्य चूक नाही. पण 'विशेष' म्हणजे किती, आणि 'ज्यू' म्हणजे कोण, हे दोन प्रश्न विचारले की ते डळमळायला लागते.

सुरुवात न्यूयॉर्कमध्ये झाली. १९०८ साली जेनवे आणि मोझेंथाल या दोन डॉक्टरांनी एका सोळा वर्षांच्या ज्यू मुलीची हकिकत छापली. तिला ठरावीक काळाने ताप आणि पोटदुखी येई, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढत. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे फारसे काही घडले नाही. १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्याच शेपर्ड सीगल यांनी असे दहा रुग्ण एकत्र मांडले आणि आजाराला 'सौम्य' असे विशेषण लावले. हे विशेषण किती फसवे होते ते पुढे येईलच. सीगल यांच्यामागोमाग होबार्ट रायमान यांनी 'नियतकालिक आजार' असे नाव सुचवले. १९५० च्या सुमारास पॅरिसमध्ये मामू आणि कत्तां यांच्याकडे उत्तर आफ्रिकेतून आलेले ज्यू रुग्ण येऊ लागले, आणि त्यांतल्या काहींच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलेले दिसले.

गंमत अशी, की त्या काळी न्यूयॉर्कमधले बहुतेक ज्यू पूर्व युरोपातून आलेले, म्हणजे अश्केनाझी. आणि आज आपल्याला माहीत आहे की ज्यूंमध्ये हा आजार सर्वांत कमी दिसतो तो अश्केनाझींमध्येच. जिथे आजार विरळ तिथे त्याची नोंद आधी झाली, कारण तिथे इस्पितळे होती, लिहिणारे डॉक्टर होते आणि छापणारी नियतकालिके होती. त्रिपोलीच्या किंवा बगदादच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या पोट धरून झोपणाऱ्यांची दखल वैद्यकाच्या कागदावर यायला अजून अवकाश होता.

तो अवकाश १९४८ नंतर संपला. इस्रायल स्थापन झाले तेव्हा तिथे साडेसहा लाखांच्या आसपास ज्यू होते. १९५१ संपेपर्यंत ही संख्या दुपटीच्या वर गेली. नुसत्या इराकमधून १९५०-५१ मध्ये सुमारे १,२०,००० लोक विमानांनी आणले गेले. लिबिया, ट्युनिशिया, मोरोक्को इथूनही माणसे लोटली. तंबू आणि पत्र्यांच्या वसाहतींत राहणारी ही कुटुंबे आजारी पडली की तेल अवीवजवळच्या तेल हाशोमेर इस्पितळात येत. हे इस्पितळ जुन्या लष्करी बराकींमध्ये थाटलेले होते. तिथल्या हॅरी हेलर, एझ्रा सोहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली: वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या बोली बोलत आलेली माणसे एकाच तऱ्हेचे दुखणे सांगत होती, आणि एका घरात दोन-दोन, तीन-तीन भावंडांना ते होते. आईवडील मात्र बहुधा निरोगी. १९५८ मध्ये त्यांनी आजाराला आजचे नाव दिले, आणि १९६७ मध्ये ४७० रुग्णांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. आनुवंशिकतेची रीतही त्यातून स्पष्ट झाली. दोषी जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही आले तरच आजार. एकच आले तर माणूस फक्त वाहक.

आता आकड्यांकडे वळू. इस्रायलमधल्या बिगर-अश्केनाझी ज्यूंमध्ये, म्हणजे उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्यांमध्ये, आजाराचे प्रमाण २५० मागे एक ते १,००० मागे एक असे सांगितले जाते. दुर्मीळ म्हणवल्या जाणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी हे प्रमाण अफाट आहे. अश्केनाझींसाठीचा जुना आकडा मात्र ७३,००० मागे एक. एकच धर्म, एकच प्रार्थना, एकच शब्बाथ. आणि आजाराच्या प्रमाणात सत्तरपटींपासून जवळजवळ तीनशेपटींपर्यंत तफावत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे फार आश्चर्य वाटू नये. आपल्याकडेच 'ज्यू' या एका शब्दाखाली दोन निरनिराळे समाज नांदले. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी नाते सांगणारे, मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल एकीकडे. आणि एकोणिसाव्या शतकात बगदादहून मुंबईत आलेले डेव्हिड ससून आणि त्यांचे बगदादी बांधव दुसरीकडे. पुण्याचे लाल देऊळ आणि ससून रुग्णालय ही या दुसऱ्या समाजाची खूण. बेने इस्रायलांच्या जनुकांचा जो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वारसा आणि भारतीय वारसा दोन्ही भरपूर सापडले. बगदादी मात्र त्याच इराकी ज्यू समाजाचे, ज्यात एफएमएफचे जनुक पोत्याने भरलेले आहे. एकाच शहरात शेजारी राहून, एकाच दिवशी उपास धरूनही दोघांच्या रक्ताचा इतिहास निराळा. 'ज्यूंमध्ये किती?' या प्रश्नाला म्हणूनच एकच एक उत्तर मिळत नाही.

जनुकाचा शोध लागला तेव्हा हे कोडे सुटेल असे वाटले होते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॅनियल कास्टनर नावाचा तरुण डॉक्टर १९८५ मध्ये रुजू झाला, आणि थोड्याच दिवसांत त्याच्यासमोर सांधे सुजणारा, मधूनमधून ताप येणारा एक आर्मेनियन वंशाचा रुग्ण बसला. तिथून त्याने या आजाराचा पिच्छा धरला. इस्रायलमधल्या कुटुंबांचे रक्तनमुने घेऊन १९९२ मध्ये जनुकाची जागा सोळाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर नक्की झाली. मग शर्यत लागली. १९९७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने आणि एका फ्रेंच गटाने एकाच सुमारास जनुक हाती लागल्याचे जाहीर केले. जनुकाचे नाव एमईएफव्ही. त्यातून जे प्रथिन तयार होते त्याला एका गटाने पायरिन म्हटले, दुसऱ्याने मारेनोस्ट्रिन. टिकले ते पायरिन.

जनुक सापडल्यावर रुग्ण मोजण्याऐवजी वाहक मोजता येऊ लागले. निरोगी माणसांचे रक्त घ्यायचे आणि जनुकातली ठरावीक अक्षरे बदललेली आहेत का ते पाहायचे. उत्तर आफ्रिकेच्या ज्यूंमध्ये साधारण पाचात एक वाहक निघाला, इराकी ज्यूंमध्ये त्याहूनही अधिक. हे अपेक्षित होते. पण अश्केनाझींमध्येही साधारण पाचात एक निघाला, तेव्हा सगळेच चक्रावले.

का चक्रावले, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहण्यासारखे आहे. पाचात एक वाहक असेल तर नवरा-बायको दोघेही वाहक असण्याची शक्यता पाच गुणिले पाच, म्हणजे पंचविसात एक. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला दोन्हीकडून दोषी जनुक मिळण्याची शक्यता चारात एक. पंचवीस गुणिले चार, शंभर. म्हणजे शंभर मुलांत एक रुग्ण हवा. उत्तर आफ्रिकी ज्यूंमध्ये प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून कमी सापडतात. हिशेब जुळत नाही, पण निदान त्याच रस्त्यावर आहे. अश्केनाझींमध्ये मात्र शंभरात एक हवा तिथे ७३,००० मध्ये एक. ७३,००० चा आकडा जनुक सापडण्याआधीचा आहे, त्यात निदान न झालेले पुष्कळ सुटले असणार हे मान्य. तरी एवढा मोठा खड्डा नुसत्या निष्काळजीपणाने पडत नाही.

उत्तर असे, की 'दोषी जनुक' ही एकच वस्तू नाही. पायरिन हे ७८१ दुव्यांची साखळी असलेले प्रथिन आहे. त्यात कोणता दुवा बदलला यावर सगळे ठरते. ६९४ व्या जागी मेथायोनिनऐवजी व्हॅलिन आले, म्हणजे एम६९४व्ही हा बदल झाला, तर आजार जबर. दोन्ही प्रती या जातीच्या असल्या की झटके लहानपणीच सुरू होतात, वारंवार येतात आणि मूत्रपिंडाला धोका जास्त. उत्तर आफ्रिकी ज्यूंमध्ये याचेच राज्य. ७२६ व्या जागचा व्ही७२६ए हा बदल अश्केनाझी आणि इराकी ज्यूंमध्ये दिसतो. त्याचा आजार बहुधा सौम्य, कित्येकदा लक्षातही न येणारा. आणि ई१४८क्यू नावाचा एक तिसरा बदल आहे, ज्याने आजार होतो की नाही यावर तज्ज्ञांची अजून वादावादी चालते. वाहकांच्या मोजणीत हा तिसरा धरला की आकडा फुगतो, वगळला की एकदम खाली येतो. अश्केनाझींमधले पाचात एक हे अशा मवाळ आणि संशयास्पद बदलांनी भरलेले पाचात एक आहेत. १९९९ मध्ये कास्टनर यांच्या गटाने हेच दाखवले: जनुक पुष्कळांकडे, पण ते अंगात उतरते थोड्यांच्याच.

उलट बाजूनेही नियम फसतो. झटके येतात, औषधाने बरे वाटते, सगळी लक्षणे बरोब्बर जुळतात, आणि तपासणीत दोषी प्रत सापडते ती एकच, असे रुग्णही थोडे नाहीत. पाठ्यपुस्तकातला 'दोन प्रती म्हणजे रोगी, एक प्रत म्हणजे वाहक' हा सरळ नियम या आजारापुरता ढिला करावा लागला.

आणि मुळात 'ज्यूंचा आजार' हे लेबलही अर्धवट आहे. आज जगातले सर्वाधिक रुग्ण तुर्कस्तानात आहेत. तिथले प्रमाण साधारण १,००० मागे एक धरले जाते, आणि ती लोकसंख्या आठ कोटींच्या वर. आर्मेनियन लोकांत ते साधारण ५०० मागे एक. रशियन बोलणारे डॉक्टर तर त्याला आर्मेनियन आजार म्हणत आले आहेत. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनमधले अरब, गॅलिलीच्या डोंगरातले द्रूझ, सगळ्यांत तो आहे. जनुकाच्या आजूबाजूची अक्षरे तपासली तेव्हा तर आणखी बोलकी गोष्ट उघड झाली. व्ही७२६ए हा बदल बाळगणारे अश्केनाझी ज्यू, इराकी ज्यू, द्रूझ आणि आर्मेनियन यांच्या गुणसूत्राचा तो तुकडा एकसारखा आहे. म्हणजे तो चौघांकडे चार वेळा घडला नाही. कधी काळी एकाच माणसात घडला आणि तिथून चार समाजांत पोचला. आज त्या भागात एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांचे हे सामाईक आजोळ आहे.

इतका त्रासदायक बदल इतक्या लोकांत टिकला कसा? छोट्या गटातून मोठा समाज वाढला की पूर्वजांचे दोषही वाढतात, हे एक उत्तर. अश्केनाझींचा मूळ गट मध्ययुगात फार लहान होता, त्यांच्याबाबत ते पटते. पण तुर्क, आर्मेनियन, अरब आणि ज्यू अशा सगळ्यांतच एका जनुकाचे निरनिराळे बदल एकदम माजावेत, हे योगायोगाने होणे अवघड. या बदलांचा काहीतरी फायदा असला पाहिजे, असा संशय जुनाच होता. २०२० मध्ये त्याला दमदार पुरावा मिळाला.

त्यासाठी पायरिनचे काम आधी समजून घ्यायला हवे. पांढऱ्या पेशींत आरएचओए नावाचे एक प्रथिन असते; त्याच्याशिवाय पेशीला हालचाल करता येत नाही आणि जंतूही गिळता येत नाहीत. म्हणून अनेक जंतू आत शिरताच विष सोडून ते बंद पाडतात. पायरिन जंतूला ओळखत नाही. ते फक्त आरएचओए चालू आहे ना एवढे पाहत बसते, आणि ते बंद पडले की बोंब ठोकते. मग इंटरल्युकिन-१ हे रसायन बाहेर पडते, ताप चढतो, सूज येते. एफएमएफमधले पायरिन हे दाराशी बांधलेल्या तापट कुत्र्यासारखे. चोर आला तर भुंकतेच, पण वाऱ्याने पान पडले तरी भुंकते.

प्लेगचा जंतू यात बिलंदर. तो आरएचओए बंद पाडतोच, शिवाय पायरिनने ओरडू नये म्हणून यॉप-एम नावाचे प्रथिन सोडून त्याचे तोंडही दाबतो. कास्टनर यांच्या गटाला असे आढळले, की बदललेल्या पायरिनवर यॉप-एमची पकड नीट बसत नाही. असे जनुक घातलेले उंदीर प्लेगच्या लागणीतून साध्या उंदरांपेक्षा जास्त तगले. आणि तुर्की लोकांच्या जनुकांवरून हे बदल किती जुने ते काढले तर ते इ. स. ५४१ मध्ये भूमध्यसागराच्या काठाने पसरलेल्या जस्टिनियनच्या प्लेगच्या आधीचे ठरले. प्लेगने ते निर्माण केले नाहीत, पण ज्यांच्याकडे होते त्यांना जगवले असावे. उंदरांवरून सहाव्या शतकातल्या माणसांविषयी बोलताना 'असावे' हा शब्द सोडू नये. तरी मला हे स्पष्टीकरण आजवरच्या सगळ्यांत भक्कम वाटते.

सीगल यांच्या 'सौम्य' या विशेषणाचा हिशेब राहिला. प्रत्येक झटक्यात यकृत एक प्रथिन ढिगाने बनवते. त्याचे अवशेष अमिलॉइड या चिवट रूपात मूत्रपिंडात साचतात आणि काही वर्षांत ती निकामी होतात. पूर्वी रुग्ण झटक्याने दगावत नसे, तिशी-चाळिशीत मूत्रपिंडाने दगावे. इथेही नुसते जनुक पुरत नाही. लॉस एंजेलिसमधल्या आर्मेनियन रुग्णांत अमिलॉइड क्वचित दिसले, आर्मेनियात राहिलेल्यांत ते कितीतरी जास्त. रक्त एकच, देश वेगळा. पुढे अनेक देशांतले रुग्ण पडताळून पाहिले तेव्हाही रुग्ण कुठे राहतो ही बाब जनुकाच्या जातीहून वजनदार ठरली.

यावर तोडगा निघाला तो गाउट या सांधेदुखीच्या जुन्या औषधातून. १९७२ मध्ये बॉस्टनच्या स्टीफन गोल्डफिंगर यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटेसे पत्र लिहिले, की कोल्चिसीन रोज दिले तर झटके थांबतात. त्याच वर्षी तुर्कस्तानातून एमिर ओझकान यांनीही तेच कळवले. १९७४ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेत रीतसर चाचण्या झाल्या, आणि १९८६ मध्ये तेल हाशोमेरच्या डॉक्टरांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या आधारे सांगितले की नियमित गोळी घेणाऱ्यांना अमिलॉइडपासूनही संरक्षण मिळते. रोजची एक-दीड मिलिग्रॅमची गोळी, जन्मभर.

हे कोल्चिसीन आपल्याला परके नाही. युनानी दुकानात मिळणारे सुरंजान हे कोल्चिसीन असलेल्या एका काश्मिरी वनस्पतीचे कंद, आणि पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी हीसुद्धा कोल्चिसीनने भरलेली. तमिळनाडूत तिच्या बियांसाठी शेती होते. घरगुती प्रयोग मात्र अजिबात करू नये. कळलावीचा कंद खाऊन माणसे मेली आहेत.

शेवटी आपल्याकडची एक बाब. जनुकांची चाचणी आता पुण्या-मुंबईत सहज होते, आणि मधूनमधून ताप येणाऱ्या मुलाच्या अहवालात 'एमईएफव्ही, ई१४८क्यू' असे छापून येते. आईबाप इंटरनेट उघडतात आणि आपल्या घरात भूमध्यसागरी ज्वर आल्याचे वाचून हादरतात. तोच तो वादग्रस्त तिसरा बदल. दक्षिण आशियात तो अश्केनाझींपेक्षाही सर्रास आहे, निरोगी माणसांत तर मुबलक. एफएमएफ मात्र भारतात अगदी विरळ. इस्रायलमध्ये वाहकांचा आकडा फुगवणारा जो बदल, तोच इथे घाबरवतो. निदान ठरते ते झटक्यांच्या चालीवरून: ताप किती तास टिकला, पोट किंवा छाती दुखली का, मधल्या दिवसांत मूल पूर्ण बरे होते का, कोल्चिसीनने झटके थांबले का. नुसत्या ई१४८क्यूच्या आधारावर जन्मभराची गोळी लिहिलेली चिठ्ठी हातात पडली, तर ती घेऊन आधी दुसऱ्या डॉक्टरकडे जावे.